सीटखालचा नारळ

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे विमलाबाईंनी, स्वतःची चूक कबूल केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. वरणात मीठ जास्त झालं तरी 'मीठच खारट निघालं' म्हणायच्या. रायपूरच्या समता कॉलनीतल्या त्या घरात मी अजून हसतमुख आहे, याबद्दल खरं तर माझा सत्कार व्हायला हवा. पण त्यांच्या एका हट्टाला मी कधी हसले नाही. मामंजी रेल्वेत गार्ड होते. एका दसऱ्याला दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, रागाच्या भरात सासूबाईंनी त्यांच्या ड्यूटीच्या पेटीला कुंकू लावलं नाही, आणि त्याच फेरीत चालत्या गाडीत मामंजींचं हृदय बंद पडलं. तेव्हापासून दसऱ्याला घरातली कात्रीसुद्धा पूजेतून सुटत नसे.

माझी नणंद पद्मिनीताई वैमानिक. छत्तीसगड हे नवं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झालं, त्या धामधुमीत विमानतळाच्या एका कोपऱ्यात छोटा फ्लाइंग क्लब निघाला. तिथं ताई शिकवायची. विमान दोन सीटांचं, आत बसलं की खांद्याला खांदा लागतो. एका वर्षी क्लबात दसऱ्याची पूजा झाली. सासूबाई झेंडूची माळ घेऊन हजर. सगळे प्रसाद घेत होते तेव्हा त्यांनी लाल फडक्यात बांधलेला नारळ ताईच्या सीटखाली पार आत सारून दिला. लेकीच्या रक्षणासाठी! कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काढायला लावला असता.

दोन दिवसांनी ताई अभिनवला स्पिन शिकवायला घेऊन गेली. अभिनव तिचा विद्यार्थी, बँकेतली नोकरी सोडून आलेला. स्पिन म्हणजे विमानाचा वेग मुद्दाम इतका कमी करायचा, की पंखांना हवेचा आधार पुरत नाही. मग ते एका अंगाला कलंडतं आणि नाक खाली करून गरगरत पडू लागतं. जीव म्हणतो, हातातला दांडा, म्हणजे स्टिक, मागे ओढ. ओढली की आणखी फसलात. इंजिन मंद करायचं, फिरकीच्या उलट बाजूचं पेडल पायानं पूर्ण दाबायचं आणि स्टिक पुढे ढकलायची, हीच सुटकेची वाट.

विमान डावीकडे फिरू लागलं. ताईनं उजवं पेडल दाबलं. ते हलेना.

दोघांची पेडलं आतून जोडलेली असतात. ताईला वाटलं, पोरगा घाबरून डाव्या पेडलवर पाय रोवून बसलाय. ती ओरडली, "पाय काढ! अभिनव, पाय काढ!" त्यानं पाय काढला होता. पेडल तरी हलेना. समोर आकाश नव्हतंच. नव्या रायपूरचे रुंद, रिकामे रस्ते, धानाची शेतं, परत तेच रस्ते, दर फेरीला मोठे होत जाणारे. ताई सीटच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली, वाकताही येईना. "वहिनी, मले वाटलं, दार बाहेरून कोणी लावून घेतलं," ती मला नंतर म्हणाली. तेवढ्यात तिला पायाशी लाल फडकं दिसलं. नाक खाली झाल्यावर नारळ घरंगळत पुढे आला होता आणि पेडलच्या मागे घट्ट बसला होता. तिनं पाय मागे घेतला आणि टाचेनं बाजूनं लाथ घातली. एकदा, दोनदा. नारळ सुटला. पेडल आत गेलं, स्टिक पुढे, फिरकी थांबली. विमान सरळ झालं तेव्हा शेतातल्या बाया मान वर करून बघताना दिसत होत्या.

खाली उतरल्यावर ताईनं नारळ बॅगेत लपवला आणि पेडल अडलं होतं, एवढंच सांगितलं. क्लबवाल्यांनी विमान तपासलं, सगळं ठीक. सगळ्यांनी ठरवून टाकलं की विद्यार्थ्याचा पाय गोठला. अभिनवलाही तेच खरं वाटलं.

घरी येऊन तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून मला सगळं सांगितलं. क्लबातून बातमी आधीच घरी पोचली होती, आणि आता लपवायचं कारण उरलं नाही म्हणून बाहेर सासूबाई शेजारणीला ऐकवत होत्या, "माह्या नारळानं वाचवलं पोट्टीले." मी म्हटलं, जा, आत्ता सांग. ताई म्हणाली, "कशी सांगू? बाबांचं ती अजून स्वतःवर घेऊन बसली आहे. हे ऐकलं तर मरून जाईल." मग अभिनवचं काय? मी विचारलं, तर ती उठून गेली. रोज क्लबातून यायची, बॅग उघडायची नाही, जेवायची नाही. मला तिची कीव यायची आणि संतापही यायचा. जमिनीवर बसून ही बाई अजून तिथंच गरगरत होती.

आठवड्यानं अभिनव पेढे घेऊन आला. "मॅडम, थँक यू. मैं छोड़ रहा हूँ. मेरा पैर ही नहीं हटा. मेरे कारण आप मर जातीं."

सासूबाई त्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवत म्हणाल्या, "नारळ होता म्हणून वाचले तुम्ही."

ताई उठली. मला वाटलं, आत पळेल. तिनं बॅग आणली आणि नारळ टेबलावर ठेवला. फडकं फाटलेलं, करवंटीवर पेडलचा खोल ओरखडा. "आई, हा पेडलमागे अडकला होता," ती म्हणाली.

सासूबाईंनी ओरखड्यावरून बोट फिरवलं.  मी गॅस बंद केला. आता आकांत होणार, अशीच माझी खात्री होती.

"तुहा पाय नाही, बाप्पा," त्या अभिनवला म्हणाल्या. "माहा नारळ आडवा आला. मीच ठेवला होता. चूक माही आहे. तू काहून सोडतं?"

 अभिनव खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. ताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "दोघं मिळून सीटखाली पाहू."

तो गेल्यावरही सासूबाई नारळ मांडीवर घेऊन बसून होत्या.

"पद्मे," त्या हळूच म्हणाल्या, "नारळ ठेवून बी तू मरत होती न?"

"हव, आई."

"मंग त्या दिवशी पेटीले कुंकू राहिलं, म्हणून काही हे गेले नसतीन. नाही न?"