तोंड टँकरकडे

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या दूध सोसायटीच्या वर्धापनदिनाला केजहून एक बँड आला होता. त्यातला गिटारवाला गायचाही. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अंगात लाल शर्ट, पायात साधी चप्पल. प्रत्येक ध्रुवपदाला तो दोन्ही पाय जुळवून अशी उडी मारायचा की स्टेजच्या फळ्या दणाणायच्या.

तिसरं गाणं रंगात आलं आणि वेशीत पाण्याचा टँकर शिरला. बघता बघता मंडप रिकामा झाला. खुर्च्यांवर उरलो मी आणि चेअरमन. कार्यक्रम मी ठरवलेला, त्यामुळे मला फार ओशाळल्यासारखं झालं. स्टेजजवळ जाऊन म्हणालो, "माफ करा, पाणी चार दिवसांनी आलंय."

तो हसला. "माफी कशाला मागता? माणसं गेली न्हाईत. रांगेत उभी हायेत." मग साथीदारांकडे वळून म्हणाला, "स्पीकर तिकडं फिरवा बे."

ऐकणारे उठून गेले की कलाकारानं रुसायचं असतं, असं मला तोवर वाटायचं. हा मात्र टँकरकडे तोंड करून तासभर उड्या मारत गायला. एरवी त्या रांगेत भांडण ठरलेलं असायचं. त्या दिवशी बायका रिकाम्या हंड्यांवर ताल धरत होत्या. माझी आई भरला हंडा डोक्यावर घेऊन मोठ्यानं गात घरी आली. तिला गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं.