दीड तासाचं अंतर

उत्तर ध्रुवाकडच्या ग्रीस फियॉर्ड गावच्या धावपट्टीवर रेडिओ सांभाळणाऱ्या उलीपिकाला कुणी विचारलं, "रेझोल्यूट किती लांब गं?" की तिचं उत्तर ठरलेलं: "हवेतून दीड तास. वाऱ्याच्या मनात असेल तर."

त्या दीड तासानेच तिचा नवरा नेला. दक्षिणेच्या इस्पितळाने हात टेकल्यावर जार्लूने हट्ट धरला, मरेन तर घरी. मधल्या थांब्यावरून, रेझोल्यूटहून, त्याला घेऊन विमान निघालं आणि इकडे डोंगरावरून वारा कोसळला. रेडिओवर उलीपिकाच होती. तिने वारा होता तसा सांगितला, विमान माघारी फिरलं, आणि जार्लूने रेझोल्यूटलाच, परक्या खाटेवर डोळे मिटले. गावात कुणी तिला बोल लावला नाही. ती मात्र स्वतःला लावत राहिली.

चार वर्षांनी तिची लेक तागा बाळंतपणाला दक्षिणेला गेली, गावातल्या सगळ्याच बायका जातात तशी. मुलगा झाला, त्याला आजोबांचं नाव दिलं. ज्याचं नाव दिलं तोच परत येतो, यात इथे कुणाला शंका नसते. म्हणून तागा आपल्या लेकाला बाबाच म्हणते.

"आई, बाबांनी रात्रभर झोपू दिलं नाही," तिने फोनवर सांगितलं. "तुझ्यावर चिडलेत बहुतेक."

"चिडतीलच. राग तर कायम नाकावर. मक्तक राखून ठेवलंय म्हणावं, ताज्या व्हेलच्या कातडी-चरबीचं."

"दात कुठायत त्यांना?"

"चोखतील. तू नको शिकवू मला."

थट्टा केली खरी, पण फोन ठेवल्यावर तिला वाटलं, खरंच चिडले असतील तर?

विमान यायच्या दिवशी सगळा गाव धावपट्टीशी जमला. सकाळ शांत होती. विमान जवळ आलं आणि मेला तोच वारा सुटला. रेडिओच्या खोलीचा पत्रा थडथडू लागला.

"उलीपिका, खाली काय म्हणतोय वारा?" वैमानिक रेमीने विचारलं.

तिने वाऱ्याच्या काट्याकडे पाहिलं. थोडा कमी सांगितला तर? रेमी उतरवेलही. आत तागा होती, तिच्या कुशीत ते होते. पुन्हा दारापर्यंत आलेल्या माणसाला परत पाठवायचं?

"आडवा आहे," ती म्हणाली. "झटके वाईट आहेत."

"मग फिरतो. माफ कर, मावशी."

"तुझं काय चुकलं रे? फक्त तागाजवळ निरोप दे, बाळासाठी. म्हणावं, अहो, मी आजही खोटं बोलले नाही. तेव्हाही नव्हते बोलले."

"तो झोपलाय."

"तरी सांग."

मग ती रडली, अगदी पोटभर.

वारा पडायला तीन दिवस गेले. विमान उतरलं, तागा खाली आली. सगळे पुढे धावले, उलीपिका मात्र खोलीच्या दारातच थांबली. एवढी वाट पाहिली आणि आता पाय उचलेना. शेवटी तागाच तिच्याजवळ आली, कोटाच्या पाठीवरच्या झोळीत झोपलेलं बाळ काढून तिने आईच्या हातात दिलं.

"अहो," उलीपिका हळूच म्हणाली, "दीड तासाला चार वर्षं लावलीत."

बाळाने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"बघ, रागावलेत," तागा म्हणाली.

"रागावू देत," उलीपिकाने त्याला छातीशी घट्ट धरलं. "घरी येऊन रागावलेत ना."