वहिनीचा नेम आणि खाडीतले डॉल्फिन

आमची वहिनी मोठ्याने बोलते, मोठ्याने हसते आणि हरली की कोणाशी धड बोलत नाही. लग्नाआधी ती तिरंदाज होती. संघाच्या निवडीत शेवटच्या बाणाला नेम हुकला आणि तिचं नाव गळालं. पुढे ती शाळेत खेळ शिकवू लागली, पण घरात कोणी 'थोडक्यात हुकलं हो' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. माझा भाऊ मुद्दाम म्हणायचा.

अशा बाईला विद्यापीठातल्या प्राध्यापक मॅडमनी बोलावलं, तेही डॉल्फिनवर बाण मारायला! आईने तर कपाळाला हात लावला. पण हा बाण पोकळ टोकाचा. कातडीचा मटाराएवढा तुकडा घेऊन तो मागे उडतो आणि पाण्यावर तरंगत राहतो. त्या तुकड्यातून डीएनए काढतात. मॅडमना एवढंच शोधायचं होतं की बाहेर समुद्रातले बॉटलनोज डॉल्फिन आणि आत खाडीत राहणारे, यांच्यात सोयरीक होते की नाही. बंदरवाल्यांना खाडीचं तोंड खोदून खोल करायचं होतं. ते म्हणत, सगळे एकाच कुळातले, खाडीतले गेले तर समुद्रातले येतील. मॅडमना वाटत होतं की खाडीतले वेगळेच आहेत आणि गेले तर कायमचे गेले. पण वाटून काय उपयोग? पुरावा हवा होता, आणि बाण मारायचा परवाना हंगामापुरताच होता.

होडी माझी, धनुष्य वहिनीचं. समुद्रातलं काम सोपं, होडीपुढच्या लाटेवर खेळायला डॉल्फिन आपणहून धावत यायचे. खाडीत मात्र पाणी गढूळ, पाठ दिसते न दिसते तोच गायब. त्यांनी आमच्या नाकी नऊ आणले. तरी वहिनीने हवे तेवढे नमुने मिळवले आणि त्या संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं.

मग मॅडमचा फोन आला. खाडीतले निम्म्याहून जास्त नमुने एकाच डॉल्फिनचे निघाले होते!

प्रत्येक बाणाच्या वेळी मॅडमनी काढलेले फोटो मोठे करून पाहिले, तर खरंच, पाठीवरच्या पराला प्रत्येक वेळी तीच बारीक खाच. हा गडी न बोलावता होडीजवळ यायचा आणि बाण खाऊनही पुन्हा हजर व्हायचा. आम्ही त्याचं नाव जावईबापू ठेवलं. वहिनी मात्र हसली नाही.

"पुन्हा थोडक्यात हुकलं," ती म्हणाली. या वेळी भाऊ नव्हे, तीच म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

सकाळी ती माझ्या दारात उभी.

"भावजी, जावईबापूंना फिरवून आणा."

"म्हणजे?"

"होडी जोरात पळवा, तो तुमच्या मागे येईल. मी जुन्या धक्क्यावर थांबते. बाकीची मंडळी ओहोटीला तिथूनच जातात."

मॅडमना हा बेत सांगितला तर त्यांना शंका आली. "लांब पडेल हो."

"मॅडम, होडीत माझे पाय डुलतात. जमिनीवर उभी राहू द्या, मग बघा."

जावईबापू खुशीत माझ्या मागे आला. उरलेला हंगाम मी त्याचा सारथी होतो. तिकडे लाजरी मंडळी धक्क्याला घासून जायला लागली. बरोबर पिल्लू असलं तर बाण मारायचा नाही, हा मॅडमचा नियम, आणि वहिनीने कितीतरी वेळा हातातला नेम सोडून दिला. पण एकटी पाठ वर आली की बाण सुटायचा आणि मॅडम जाळीने तो उचलायच्या.

हंगाम संपल्यावर बंदरवाल्यांच्या सभेत मॅडमनी पडद्यावर डीएनएचे रंगीत पट्टे दाखवले, प्रत्येक डॉल्फिनचा एक. समुद्रातले निळे, खाडीतले नारिंगी. नारिंगीत निळा जवळपास नव्हताच. खाडीच्या तोंडाशी दोघांची रोज गाठ पडते, पण पिढ्यानपिढ्या सोयरीक नाही.

बंदराच्या साहेबांनी चष्मा काढला. "हे सगळे वेगवेगळे प्राणी आहेत ना?"

"दुबार आलेले आम्ही काढून टाकलेत," मॅडम म्हणाल्या.

"आणि खाडीत असे आहेत तरी किती?"

"एका बसमध्ये मावतील एवढे."

साहेबांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. मग शेजारच्या इंजिनिअरला म्हणाले, "खाडीचं तोंड सोडा. जहाजांसाठी दुसरी वाट शोधू."

वहिनी ताडकन उठली. तोंडात दोन बोटं घालून तिने अशी शिट्टी मारली की साहेबांच्या हातातला चष्मा पडला. भाऊ तिला खाली बसवायला उठला, आणि उभा राहून टाळ्याच वाजवायला लागला.