उजवी, डावी आणि मी

गणित शिकवणाऱ्या माणसाला दोनपर्यंत मोजता येत नाही, हे अकोल्यात एका भर सकाळी सिद्ध झालं. सिद्ध करणारा मीच.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. मी शाळेत मास्तर होतो आणि माझा दोस्त रेडिओ दुरुस्त करायचा. रद्दीच्या दुकानात मला एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात दुरून, बिनतारी चालवायच्या छोट्या मोटारीचा आराखडा होता. मजकूर मी वाचायचा आणि आकृती त्याने, अशी वाटणी झाली. मला आकृतीतलं काही कळत नव्हतं, त्याला माझ्या भाषांतरातलं. तरी दीडेक वर्षात गाडी उभी राहिली, यात माझा हात कमीच असणार.

अंग बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचं, चाकं जुन्या चपलांच्या रबराची. त्यातली एक जोडी बायकोच्या मते जुनी नव्हती.

गाडी पळवायला सपाट जागा हवी. दोस्ताचे वडील कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी वाहायचे. हंगाम संपला की तिथली लांबलचक फरशी मोकळी पडायची, तिची परवानगी त्यांनी मिळवून दिली. पहिल्याच दिवशी गाडी कुरकुरली म्हणून मी तिच्या दातेरी चाकांत घरचं सरकीचं तेल घातलं. फरशीच्या फटींत हंगामातलं कापसाचं तूस उरलेलं. तेलाने ते असं ओढलं की दहा मिनिटांत गाडीला दाढी आली आणि ती बंद पडली.

"मास्तर," दोस्त म्हणाला, "गाडी चालवून राहिले का भजे तळून राहिले तुमी?"

रॉकेलने धुऊन गाडी पुन्हा शुद्धीवर आणली.

आता तिचं चालणं सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातच आहे. हातातल्या पेटीला बटण एकच. दाबून धरलं की गाडी उजवीकडे वळणार, सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ. मागचं वळण कोणतं होतं ते चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचं. दोस्त त्यासाठी तोंडाने "उजवी... डावी... उजवी..." असा जप करायचा. गाडी थांबवायची सोय मासिकाच्या पुढच्या अंकात असावी. तो अंक रद्दीत आला नाही. आम्ही धावत जाऊन तिला उचलायचो.

अशात अमरावतीच्या एका तंत्रशाळेत रेडिओ शिकवायची जागा निघाली. दोस्ताच्या हातात कसब होतं, कागद नव्हता. त्याने अर्ज केला आणि खाली गाडीबद्दल चार ओळी लिहिल्या. तिथल्या साहेबांचं उत्तर आलं: कामासाठी अकोल्याला येतो आहे, गाडी दाखवा, मग कागदाचं पाहू.

दोस्ताच्या वडिलांनी त्या सकाळी स्वतः फरशी झाडली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, माह्या पाठीवर गाठीच गाठी गेल्या. पोरगं खुर्चीवर बसून शिकवन, एवढंच मले पाह्याचं हाय."

साहेब आले, खुर्चीवर बसले. दोस्त पेटी सारखी या हातातून त्या हातात घेत होता. मी कोट इस्त्री करून घातला होता. कोट माणसाला फार धीट करतो. म्हणालो, "तू साहेबांना समजावून सांग, चालवतो मी." आणि कोटातल्या माणसाने "उजवी, डावी" पुटपुटणं बरं दिसणार नाही, म्हणून मनातच मोजायचं ठरवलं.

गाडीने दोन विटांभोवती झकास वळणं घेतली. साहेब खूश होऊन म्हणाले, "मास्तर, आपण कोणता विषय शिकवता?"

"गणित," मी मान ताठ करून म्हणालो. तेवढ्यात हिशेब गेला.

मी डावीसाठी बटण दाबलं, गाडी उजवीकडे वळली. घाबरून आणखी तीनदा दाबलं. ती साहेबांच्या दोन्ही बुटांच्या मधून, खुर्चीखालून पार झाली आणि कोपऱ्यातल्या सरकीच्या ढिगात नाक खुपसून गुरगुरत बसली.

दोस्ताने धावत जाऊन ती उपसली. साहेब गंभीर झाले. "यंत्र भरवशाचं दिसत नाही."

दोस्ताने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. तरी झाकण उघडत म्हणाला, "हो साहेब. आतली एखादी पत्ती ढिली झाली असन."

खांबाशी उभ्या असलेल्या वडिलांनी खांद्यावरचा रुमाल काढून हळूहळू घडी घालायला घेतली. गप्प राहणं अगदी सोपं होतं.

मग म्हणालो, "साहेब, पत्ती ढिली नाही. मी मोजायला चुकलो."

"किती मोजायचं होतं?"

"दोन."

"आणि शिकवता गणित?"

"हो."

साहेबांनी हात पुढे केला. "आणा ती पेटी."

दोस्ताने त्यांना बटणाची रीत सांगितली. साहेब पहिल्याच वळणापासून मोठ्याने "उजवी, डावी" म्हणत सुटले, लाजबीज काही नाही. गाडी त्यांच्या हुकमात राहिली. अर्ध्या तासाने तीच फरशीवर उलटी ठेवून ते दोस्ताला आतल्या तारांबद्दल एकेक प्रश्न विचारत बसले आणि तो उत्तरं देत गेला. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, ते बरंच झालं.

जाताना वडील म्हणाले, "मास्तर, कबूल केलं नसतं तर तुमचं काय जात होतं?"

"कोट घातला होता ना," मी म्हणालो.

महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं आणि माझा जोडीदार अमरावतीला निघाला. स्टेशनवर त्याने गाडी माझ्या हातात दिली. मला भरून आलं. तेवढ्यात पाहतो तर पेटी त्याच्या पिशवीत.

"अरे, पेटीशिवाय मी या डब्याचं काय करू?"

"आणत जा रविवारी," तो म्हणाला. "नाहीतर तुमी काहून येसान अमरावतीले?"

त्यानंतर कितीतरी रविवारी मी अमरावतीसाठी बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजरने, ती गाडी मांडीवर घेऊन गेलो. समोरचं कोणीतरी हमखास विचारायचं, "पोराले खेळनं नेऊन राहिले का गुरुजी?"

मी "हो" म्हणायचो. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं.