आप्पांची ध्रुवाची शंका

आप्पा मोबाइलपुढे मांडी घालून, हात जोडून बसत. सत्तरी ओलांडलेले हे दूधविनायक या उत्तरेतल्या मराठी मोहल्ल्यातले आमचे पुरोहित. सुनेने त्यांना खगोलशास्त्राचा एक फुकट ऑनलाइन कोर्स लावून दिला, आणि आप्पांनी त्याची पाठशाळा करून टाकली. आंघोळ करून ते मोबाइल चौरंगावर ठेवत, नमस्कार करत. मग आधी लागे ती जाहिरात. तीही ते तितक्याच भक्तिभावाने ऐकत.

मी एकदा व्हिडिओचा वेग वाढवून दाखवला, तर भडकलेच. "गुरू बोलतायत आणि मी त्यांना पळवू? काय बदतमीजी आहे ही!" मधेच कुणी आलं, तर व्हिडिओ थांबवून पडद्यावर उपरणं टाकत. म्हणत, "बाई बिचाऱ्या तोंड उघडं ठेवून थांबल्यात, बरं दिसत नाही."

तिसऱ्या पाठात मात्र घोटाळा झाला. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून हजारो वर्षांनी ध्रुवाच्या जागी दुसराच तारा येतो. आप्पांचा चेहरा पडला. उभ्या आयुष्यात त्यांनी किती वधूंना ध्रुव दाखवून "याच्यासारखी अढळ राहा" म्हटलं होतं! प्रश्नांच्या चौकटीत त्यांनी एका बोटाने शंका लिहिली. उत्तर आलं नाही.

"आप्पा, चौथा पाठ बघा की," मी म्हटलं.

"शंका फिटल्याशिवाय पुढला पाठ? असं कुठे असतं का?"

बाईंनी हे सगळं काही वर्षांपूर्वीच रेकॉर्ड करून ठेवलंय, हे काही त्यांच्या गळी उतरेना. रोज तिसराच पाठ लावत. बाई आज तरी काही बोलतील, ही आशा.

इकडे माझा जीव टांगणीला. माघात माझं लग्न, आणि आप्पांनी जाहीर केलं, "लग्न लावीन, पण ध्रुव दाखवणार नाही. झूठ बोलून आशीर्वाद देऊ काय?" सासरचे पुण्याचे, कडक सोवळ्याचे. आई रडकुंडीला आली. मला तर आप्पांखेरीज दुसरा कुणी नकोच होता.

लग्नाला आठ दिवस असताना उत्तर आलं. बाईंचं नव्हे, कोर्समधल्याच, कुठल्याशा लांबच्या गावात औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीचं. 'दादाजी, मैं भी यहीं अटकी थी. तारा नहीं, हम डोल रहे हैं. इतना धीरे, कि एक जिंदगी में पता नहीं चलता.'

आप्पा उठून उभे राहिले. "ही बच्ची गुरू झाली माझी!"

लग्नाच्या संध्याकाळी अहिल्याबाई घाटावर त्यांनी आम्हाला ध्रुव दाखवला. "हा आपल्या जागी आहे. डुलतो ते आपण. तुम्ही दोघंही डुलाल. फक्त हळू डुला." सासूबाई बघतच राहिल्या.

पुढल्या वर्षी आप्पा गेले. तोवर पाचव्या पाठात चंद्राबद्दल नवी शंका निघाली होती आणि ते पुन्हा अडून बसले होते. त्या मुलीचं उत्तर आलं, पण तेराव्यानंतर. माहेरी आले तेव्हा त्यांच्या घरी, फोटोसमोर बसून मी ते मोठ्याने वाचलं, डोळे पुसले, आणि सहावा पाठ लावला.