पद्मावतीनं जुनं माउंट घेतलं

पद्मावती बसवनगुडीतल्या एका कॉलेजात फिजिक्सचे प्रयोग घ्यायची. लग्न जमलं नाही, आणि जमावं म्हणून झुरत बसण्याचा तिचा स्वभावही नव्हता. घरात ती आणि थोरले भाऊ नरसिंह, म्हणजे अण्णा. अण्णांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, तेव्हापासून ही दोघंच. घराणं बेंगळूरला कधी आलं ते आता कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असं पिढ्यान् पिढ्या चाललं होतं.

अण्णा कारखान्यात टूलरूमला, म्हणजे अवजारं बनवायच्या खात्यात होते. हॅलेचा धूमकेतू यायचा त्या वर्षी त्यांनी अंगणात पिंप पालथं घातलं आणि त्यावर काचेवर काच घासत बहिणीसाठी दुर्बिणीचा आरसा तयार केला. त्यांना आकाशाचं वेड नव्हतं, बहिणीला होतं म्हणून केलं. दुर्बीण झकास झाली. पण ती होती लाकडी स्टँडवर. फोटो काढायचा तर कॅमेरा कितीतरी मिनिटं उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात तारे सरकतात. त्यांच्या चालीनं दुर्बीण फिरवणारी लोखंडी बैठक लागते, तिला माउंट म्हणतात. ते नव्हतं. हॅले आला तसा गेला, फोटो काढायचा राहूनच गेला.

सत्त्याण्णव उजाडलं तेव्हा पेपरात नव्या धूमकेतूच्या बातम्या यायला लागल्या. अण्णा तोवर रिटायर झाले होते. एका सकाळी कॉफी पिता पिता ते म्हणाले, "पद्मा, या खेपेला फोटो निघालाच पाहिजे. माउंट मी घेऊन देतो. मोटारवालं. नवं."

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका ओळखीच्या माणसामार्फत ते जपानहून येणार होतं. मार्चअखेर मिळेल म्हणाला. धूमकेतू एप्रिलमध्ये संध्याकाळच्या आकाशात सगळ्यात ठळक दिसणार होता, म्हणजे वेळ बरोबर जुळत होती. अण्णांनी माहितीपत्रक आणून पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातल्या गिअरचं चित्र ते भिंग लावून बघत बसायचे.

त्याच सुमाराला त्यांचं जेवण तुटलं. पोटात दुखायचं, अंग उतरत चाललं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी पद्मावतीला एकटीला आत बोलावलं. रोग यकृतापर्यंत पोचला होता. तिनं विचारलं, "एप्रिलपर्यंत?"

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवले. "सांगता येत नाही, अम्मा. मी तुमच्या जागी असतो तर एप्रिलची वाट पाहिली नसती."

बाहेर बाकावर अण्णा बसले होते. "काय म्हणाले?"

"अल्सर आहे. औषधं दिलीत. पथ्य पाळायचं."

"सरी, ठीक आहे," म्हणत ते उठले.

मल्लेश्वरमचे हौशी आकाशनिरीक्षक बिंदुमाधवराव आपलं जुनं माउंट विकणार होते, हे तिला ठाऊक होतं. गुडघ्यांमुळे त्यांना आता गच्ची चढवत नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती त्यांच्याकडे गेली. बिडाचं अवजड धूड. मोटार नव्हती, दांडा हातानं फिरवायचा. गिअर झिजून ढिला झाला होता. बिंदुमाधवरावांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वर म्हणाले, "नवं मिळत असेल तर हे घेऊ नका, बाई." तिनं ते घेतलं. धूमकेतू फेब्रुवारीत पहाटे पूर्वेला दिसायला लागला होता. तिला फोटो तेव्हाच हवा होता.

टेंपोतून ते धूड उतरलेलं पाहून अण्णांचा चेहरा पडला.

"हे काय?"

"मला हे बरं वाटलं. मजबूत आहे."

अण्णांनी दांडा धरून हलवला. आतून खडखड आवाज आला. "यात केवढा खेळ आहे बघ, सगळं ढिलं! पद्मा, लहानपणी तू अक्काचे परकर नेसलीस, अक्काची पुस्तकं वापरलीस. मी एकदा नवं काही देतो म्हटलं, तर हे? आणि घाई कसली? एप्रिलला तो घरच्या गच्चीवरून दिसणार आहे."

"मला हेच आवडलं," ती म्हणाली.

अण्णा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यानंतर ते पाणी, गोळी, कॉफी एवढ्यापुरतंच बोलायचे. तरी एकदा ती कॉलेजातून परतली तेव्हा गिअरला ग्रीस लागलेलं होतं आणि ढिला स्क्रू आवळलेला होता. त्या दिवशी अण्णांना धाप लागली होती.

के. आर. पुरमच्या पलीकडे कॉलेजातल्या एका बाईंचं शेत होतं. तिथं शहराचा उजेड नव्हता, म्हणून ती पहाटे तिथं जायची. डोळा एका ताऱ्यावर आणि हात दांड्यावर. थंडीनं बोटं आखडायची. पहिल्या रोलमध्ये सगळे ताऱ्यांचे ओरखडेच आले. दुसऱ्यातला एक फोटो नीट निघाला: गार निळं आकाश, आणि त्यात धूमकेतूचं फाकलेलं शेपूट.

अण्णांना तिनं उशीला टेकवून बसवलं. त्यांनी भिंग मागितलं. बराच वेळ ते धूमकेतू सोडून बाजूचे तारेच बघत राहिले.

"गोल आलेत," शेवटी म्हणाले. "हातानं फिरवून?"

"हो."

"हात चांगला आहे तुझा." फोटो त्यांनी छातीवर ठेवला. मग छताकडे बघत म्हणाले, "माझ्याकडून घ्यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस. मी रागावलो नसतो."

"अण्णा, तसं नाही हो."

"मग कसं?"

ती त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिली. अण्णांनी डोळे मिटले.

मार्चच्या मध्याला ते गेले.

दिवसकार्याला सत्यवती अक्का तुमकूरहून आली होती. सगळं आटोपल्यावर दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. अक्का म्हणाली, "अण्णा मला फोनवर म्हणाले होते, पद्माला माझं काही नको झालंय. काय झालं होतं गं तुमचं?"

तेव्हा पद्मावतीनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, एप्रिलची वाट का पाहिली नाही, सगळं. अक्का ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले, आणि मग तिला राग आला.

"त्यांना सांगायचं होतंस. जन्मभर लोखंडाशी झगडलेला माणूस तो. त्यांना सोसलं असतं."

"त्यांना सोसलं असतं गं," पद्मावती म्हणाली. "मला सोसलं नसतं."

एप्रिलमध्ये, युगादीच्या संध्याकाळी, गल्लीतले सगळे धूमकेतू बघायला गच्च्यांवर चढले होते. शेजारची भार्गवी दोनदा दार वाजवून गेली, "पद्मा अक्का, बन्नी, वर या, किती छान दिसतोय!" पद्मावतीनं आतूनच "आले" म्हणून सांगितलं. ती स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती. शेंगा संपल्या तरी ती तिथंच बसून होती, आणि वरून माणसांचे आवाज येत होते.