पाखऱ्याची वेसण

आधीच सांगते, भूत, करणी, बाहेरचं वगैरे बोलणाऱ्यांना मी तोंडावर हसते. इथल्या कित्येक अनुभवांखाली माझ्या खवचट कमेंट्स सापडतील. आता हसायची पाळी तुमची... हसा. पण हे भर दुपारी घडलंय आणि माझ्या तळहातावर त्याची खूण आहे.

माझं माहेर नगर शहरातलं, सासर नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या जवळ. मी जनावरांच्या कवट्या रंगवते. मेंढा, बोकड, बैल – साफ करायच्या, ॲक्रिलिक रंग द्यायचा, आरसे-मणी लावायचे. गावातल्या बायका मला 'हाडकंवाली' म्हणतात, हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. नका बोलावू, माझं काही अडलेलं नाही.

शेतात पाइपलाइनसाठी जेसीबी लावला तेव्हा एका बैलाची कवटी वर आली. तो पाखऱ्या – माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या जोडीतला, माझ्या लग्नाआधीच मेलेला आणि तिथेच पुरलेला. जोडीतला दुसरा, हरण्या, म्हातारा होऊन अजून गोठ्यात आहे. अण्णा म्हणाले, "परत मातीत घाल त्याला."

"अण्णा, पुण्याच्या प्रदर्शनात जाईल तो. मातीत काय मिळणार?"

ते उठून वैरण टाकायला गेले. मी होकार समजले.

पुण्यात माझं काम पहिल्यांदाच लागणार होतं, त्यामुळे मी जीव ओतला. कपाळावर नांगरटीच्या रेषा काढल्या, शिंगं निळी केली. आणि राबण्याचं प्रतीक म्हणून बाजारातून नवी लाल-पिवळी वेसण आणून नाकाच्या पोकळीतून ओवली. झकास दिसत होती! माझी खोली गोठ्याला लागून आहे. मधल्या भिंतीवर ती टांगली.

दुसऱ्या दिवशी वेसण ओली. पाण्याने नाही – फेसाने. चिकट, बैलाच्या तोंडाचा वास येणारा. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. मी वेसण धुतली, वाळवली, परत ओवली... परत ओली.

तिकडे हरण्याने वैरण सोडली. भिंतीला कपाळ लावून उभा राहायचा आणि नाकातून रक्त गळायचं. अण्णांनी त्याची वेसण काढून टाकली, तरी दोरीने ओढल्यासारखं नाक फाटतच होतं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, फरक शून्य. मला मात्र अण्णांचाच संशय आला आणि मी सरळ भांडले.

"तुम्हीच करताय हे. कवटी नको होती तर तेव्हाच अडवायचं होतं ना!"

"मी करतोय? माझा बैल मरायला लागलाय, मनीषा!" अण्णांचा आवाज चढला. "पाखऱ्या गेला तवा ह्या हातानं त्याची येसन कापली हुती. आमच्यात येसन कापल्याबिगर बैल पुरत न्हाईत. जल्मभर राबला, आता मोकळा. आन तू त्याला परत येसन घातलीस?"

"ती शोभेची आहे!"

"तुला शोभेची. त्याला येसनच."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. टेबलावरच्या खोक्यात, भुशात कवटी ठेवली आणि वेसणीचं टोक गुंडाळायला हातात घेतलं. तेवढ्यात हिसका बसला. मान झटकणारं जनावर देतं तसा. मी टेबलावर आदळले. दोरी माझ्या तळहाताची साल काढत सरकत होती... आणि कवटी जागची हललीही नव्हती. मनगटावर गरम श्वास आला. भीती नंतर वाटली. आधी हे कळलं, की समोर जे कोणी आहे त्याला माझा भयंकर राग आलाय. भिंतीपलीकडे हरण्या हंबरत होता.

"अण्णा, विळा द्या! विळा!"

अण्णा उंबऱ्याशी आले, पण आत आले नाहीत. विळा जमिनीवरून माझ्याकडे सरकवला. "तूच काप. तू घातलीस."

मी कापली. ओढ एकदम थांबली. थोड्या वेळाने पलीकडून कडबा चावल्याचा आवाज यायला लागला.

टेम्पो रिकामा गेला, पाखऱ्या त्याच संध्याकाळी मातीत गेला. प्रदर्शन हुकल्याचं दुःख मला अजून आहे, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणतो, दोरी खिळ्याला अडकली असेल. टेबलाला खिळाच नाही. आणि फेसाबद्दल विचारलं की तो विषय बदलतो.

पोळ्याला आमच्याकडे सुनेने बैलाला पुरणपोळी भरवायची असते. हरण्याने सगळ्यांच्या हातचं खाल्लं. मी ताट घेऊन पुढे झाले तशी त्याने मान खाली घालून शिंगं माझ्यावर रोखली.

"ताट ठिव अन् मागं सर," अण्णा म्हणाले. "आजून मागं."

मी पार दारापर्यंत मागे गेले, तेव्हा त्याने तोंड लावलं. खाताना नजर माझ्यावरच होती.

अण्णांनी त्याला परत वेसण घातली नाही. तो अंगणात मोकळा असतो, आणि मला तिथूनच खोलीत जावं लागतं. माझ्या अंगावर यायला त्याला अडवणारं आता काहीच नाही. तो अजून आलेला नाही. का, तेही मला कळलेलं नाही.